हवेहून विरळ थेंब

सर,

शुक्रवारी दुपारी मी माझ्या विद्यार्थिनीशी खोटं बोलले. तिने पडद्यावर चित्रं लावली, मला त्यांत जे दिसायला हवं होतं ते लख्ख दिसलं, आणि मी शांतपणे म्हटलं की मला तर सगळं सारखंच दिसतंय. ती "अच्छा मॅम" म्हणाली आणि तिने पडदा बंद करून टाकला. आज रविवार आहे. उद्या सकाळी माझ्या त्या एका वाक्यावर विसंबून ती प्रयोगाचं चेंबर उघडणार आहे, आणि ते एकदा उघडलं की तिची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात गेलीच म्हणून समजा. हे मी थांबवू शकते. फोन उचलायचा, चार शब्द बोलायचे. सकाळपासून मी फोन उचलते आहे आणि खाली ठेवते आहे. मयूर विहारच्या या फ्लॅटच्या खिडक्या धुरक्यामुळे बंद आहेत, आतल्या खोलीत नवऱ्याने हवा शुद्ध करायचं यंत्र घरघरत ठेवलंय, आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, कधी पत्र लिहावंसं वाटलं नाही. आज वाटतंय, कारण ही गोष्ट जिवंत माणसाला सांगायला बसले तर सांगता सांगता मी स्वतःला चांगली ठरवून मोकळी होईन. तुमच्यापुढे ते मला कधी जमलं नाही.

थोडं समजावून सांगावं लागेल, कारण हे सगळं तुमच्या माघारी घडलं. वायूला भांडं लागतं, हे तुम्हीच मला पहिल्या वर्षी शिकवलंत. भांडं काढून घेतलं की वायू पसरतो. आपले थंड केलेले अणूही तसेच. प्रकाशाचं आणि चुंबकाचं न दिसणारं भांडं आहे तोवर एकत्र, ते बंद केलं की पांगले. आता समजा, केवल शून्याच्या अगदी जवळ, अंशाच्या काही अब्जांश भागापर्यंत आणलेले पोटॅशियमचे अणू घेतले आणि त्यांचे दोन गट केले. एका गटातले आपापसांत ढकलाढकली करतात, पण दुसऱ्या गटातल्यांकडे ओढले जातात. चुंबकाचं बटण जरा जरा फिरवत ती ओढ ढकलाढकलीपेक्षा किंचित जास्त केली, तर काय व्हायला हवं? सगळं आत कोसळायला हवं. तुम्हीही तेच म्हणाला असतात. पण कोसळत नाही. दोन मोठी बळं एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात, आणि गणितात आपण क्षुल्लक म्हणून ज्यावर काट मारतो तो छोटासा हिस्सा उरतो, अणूंची ती कधीच न थांबणारी पुंजीय थरथर, आणि ती थरथर कोसळणं थोपवून धरते. मग जे तयार होतं तो थेंब असतो, सर. खराखुरा द्रवाचा थेंब, आणि तोही हवेपेक्षा हजारो पटींनी विरळ. भांडं काढून घेतलं तरी तो पसरत नाही, आपला आपण राहतो. फार वेळ नाही, डोळ्याची पापणी लवायच्या आतच त्यातले अणू गळत जातात, आणि फारच थोडे उरले की थेंब मोडून पुन्हा वायू होतो. तुमच्यानंतर बऱ्याच वर्षांनी युरोपात हे पहिल्यांदा दिसलं. ती बातमी मी घरी येताना मेट्रोत उभ्याने वाचली आणि वाचता वाचता मयूर विहार मागे टाकून थेट नोएडाला पोचले.

तेव्हापासून तो थेंब माझा होता. असं म्हणायला आधार काही नाही, पण मला तसं वाटत होतं खरं. प्रस्ताव मी लिहिला. समितीसमोर उभी राहून, यातून देशाला काय मिळणार, या प्रश्नाला मी तोंड दिलं. प्रस्ताव परत आला तो पुन्हा घेऊन गेले, पुन्हा परत आला तर पुन्हा. चुंबकाचा वीजपुरवठा, पाणी गार ठेवणारा चिलर, खास काचेच्या खिडक्या, एकेका वस्तूसाठी खरेदी विभागाच्या पायऱ्या झिजवल्या. आणि ज्या गुरुवारी तो थेंब आमच्या प्रयोगशाळेत अवतरला, त्या गुरुवारी मी कुठे होते? एका मंत्रालयात, गार झालेल्या चहासमोर, निविदेतल्या एका कलमावर डोकं हलवत. तिथे ती होती. पानिपतची मुलगी, वडलांचं सतरंज्यांचं आणि खेसांचं, म्हणजे जाड सुती चादरींचं, दुकान आहे. ती स्टुलावर मांडी घालून बसते, लेसर रुसला की त्याला "चल ना यार" म्हणते, आणि तो चालतो. मी त्याच लेसरपुढे अर्धा दिवस घालवला तरी ढिम्म हलत नाही. आरशाचा स्क्रू किती फिरवायचा हे तिच्या बोटांना विचारावं लागत नाही. माझ्याही बोटांना एके काळी लागत नसे. आता हात कापतो माझा, फार नाही, पण आरसा बिघडायला तेवढा पुरतो. मी जळते तिच्यावर, सर. तिच्या नजरेवर, तिच्या पाठीवर, दुपारी दोन समोसे खाऊन ती पुन्हा त्याच उत्साहाने कामाला बसते त्यावर. आणि सगळ्यांत जास्त कशावर जळते सांगू? तुम्हाला ती माझ्यापेक्षा आवडली असती. 'हिचा हात चांगला आहे' हे जे तुम्ही मला कधी म्हणाला नाहीत, ते तिला पहिल्याच आठवड्यात म्हणाला असतात. गेलेल्या माणसाने न दिलेल्या शाबासकीवरून मी एका पोरीचा राग राग करते आहे, इथपर्यंत माझी मजल गेली आहे.

तुमची पद्धत आम्ही अजून पाळतो. न सांगता दाखवायचं. ज्याला काही सापडलं त्याने 'हे बघा' म्हणून बोट दाखवायचं नाही. जिथे ते असायला हवं ती चित्रं आणि जिथे ते असूच शकत नाही ती चित्रं पत्त्यांसारखी एकत्र पिसायची, दुसऱ्याला समोर बसवायचं आणि एवढंच विचारायचं, यांत कुठे काही दिसतंय का. दुसऱ्याने आपणहून बोट ठेवलं तर ते आहे. मग आकडे, मग आलेख. बाकीच्या प्रयोगशाळा आम्हाला हसतात. हे काम संगणक माणसापेक्षा चांगलं करतो म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. पण आमच्या चित्रांवर लेसरच्या बारीक रेघा उमटतात, त्या रेघांनी संगणकाला पूर्वी एकदा चांगलंच फसवलंय, म्हणून आमच्याकडे आधी डोळा. तर शुक्रवारी तिने चित्रं लावली. एकेका ओळीत भांडं बंद केल्यानंतरची चार-पाच चित्रं, काळाच्या क्रमाने. ओळी मात्र पिसलेल्या. बहुतेक ओळींत एक राखाडी डाग होता, तो पसरत पसरत पुसून जात होता. आणि काही ओळींत एक काळा ठिपका, मोहरीहून लहान. पहिल्या चित्रात जेवढा, शेवटच्या चित्रात तेवढाच. पसरायचं नावच नाही. ज्याची इतकी वर्षं वाट बघितली तो समोर आला, आणि आनंद झालाच नाही. पहिलं मनात काय आलं, तर हा हिने आणला. दाखवणाऱ्याने बघणाऱ्याचा चेहरा बघायचा नाही हा नियम, म्हणून ती माझ्यामागे भिंतीकडे तोंड करून उभी होती, लपाछपीत राज्य आलेल्या मुलीसारखी. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हटलं, "मुझे तो सब एक जैसे लग रहे हैं."

तिने वाद घातला असता तर मी तिथल्या तिथे कबूल केलं असतं, असं मी स्वतःला सांगते आहे. पण ती वाद कशाला घालेल? पद्धत मीच शिकवली तिला. मॅमना दिसलं नाही म्हणजे नाहीच, आपल्याला दिसलं ते रेघांचं काहीतरी असणार, एवढा साधा हिशेब. संगणकाच्या आकड्यांत फरक येतोय असं ती पुटपुटली, आणि आपणच म्हणाली की तोही रेघांमुळेच असेल. मग तिने विचार करून सांगितलं की चेंबरच्या आतलं भिंग सरकलं असावं, ते उघडून नीट बसवावं लागेल. मी म्हटलं, देख लो. चेंबर उघडणं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. इतकी वर्षं आत जपलेली पोकळी एका क्षणात जाते, दिल्लीची हवा आत शिरते. मग सगळं पुन्हा बंद करायचं, भोवती हीटरच्या पट्ट्या गुंडाळायच्या, वर फॉइल चढवायची, कित्येक आठवडे तापत ठेवायचं, आणि इतकं करून पहिल्यासारखं होईलच याची खात्री नाही. तिची फेलोशिप उन्हाळ्यात संपते. त्याआधी हे सगळं परत उभं राहणं शक्य नाही. तोवर जगात दुसऱ्या कुठल्यातरी गावी कुणीतरी या थेंबाचं आम्ही जे मोजणार होतो तेच मोजून छापून मोकळं होईल, ती हात हलवत पानिपतला जाईल, आणि मी तिच्या शिफारसपत्रात लिहीन की मुलगी अत्यंत मेहनती आहे.

त्यानंतर मी काय केलं तेही ऐका. शनिवारी सकाळी उठून साबुदाण्याची खिचडी केली, तिला आवडते म्हणून, दाण्याचं कूट सढळ हाताने घातलं आणि सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन प्रयोगशाळेत गेले. ती होतीच तिथे, चेंबरभोवतीच्या तारा एकेक करून सोडवत. मी तिच्या आईची चौकशी केली, खोलीवर रजाई आहे ना विचारलं, पुढच्या परिषदेतलं माझं भाषण तूच दे म्हणून सांगितलं. तिचे डोळे भरून आले. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "त्या मुलीचं काही बिनसलंय का? का तुझंच बिनसलंय?" असं का विचारतोस, म्हटलं. "नाही, माझी आई हॉस्पिटलात होती तेव्हासुद्धा तू जेवण कॅन्टीनमधून आणलं होतंस. म्हणून विचारलं." तो आपला चेष्टा करत होता. मी पोळ्या लाटत होते, ते लाटणं तसंच थांबलं. कारण मला तुमच्या घरचं स्वयंपाकघर आठवलं, आणि काकूंचं एक वाक्य. ते वाक्य मी आजवर विनोद म्हणून सांगत आले होते.

मी विद्यार्थिनी होते तेव्हाचा मे महिना आहे. मी तुमच्याकडे लागून वर्ष होऊन गेलंय. माझे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, मी दिल्लीतच वाढलेली, तेव्हा माझ्या मराठीत निम्मी हिंदी. 'मला माहीत पडलं' म्हटलं की तुमच्या कपाळाला आठी पडते. तरी प्रयोगशाळेत तुम्ही माझ्याशी मराठीतच बोलता, आणि बाकीची मुलं आपल्याला मराठी लॉबी म्हणून चिडवतात. एसी तुम्ही कुणाकुणाच्या हातापाया पडून मिळवलाय, वीज गेली की तोही जातो. काचेच्या पेटीत रुबिडियमचे अणू पकडायचा आपला खटाटोप चाललाय. तुम्ही तरुणपणी परदेशात, दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत, तो चमकणारा ठिपका पाहून आलेले. परत आल्यापासून, भंगारातल्या आरशांपासून सुरुवात करून, तो इथे दिल्लीत स्वतःच्या हातांनी उभा करायचा म्हणून तुम्ही झटताय, आणि मधेच कुणीतरी तुम्हाला विभागप्रमुख करून फायलींना जुंपलंय. त्या दुपारी तुम्ही वरच्या मजल्यावर बैठकीला गेलात आणि खाली तो मला दिसला. काळ्या-पांढऱ्या छोट्या मॉनिटरवर, काचेच्या चकाकीच्या मधोमध, एक मऊ पांढरा ठिपका. मी काही बोलले नाही. तुम्ही खाली आल्यावर तुम्हाला मॉनिटरसमोर बसवलं आणि मागे उभी राहून कॉइलमधल्या विजेची दिशा बदलणारा खटका दाबत राहिले. विजेची दिशा एक असेल तर अणू पकडले जातात, उलटी असेल तर नाही. खटका इकडे केला की ठिपका येतो, तिकडे केला की जातो. तुम्ही बराच वेळ बघता. मला तुमची फक्त मान दिसतेय, ताठ, आणि तिच्यावरून ओघळणारा घाम. मग तुम्ही म्हणता, "नाही गं. मला काही फरक दिसत नाही."

संध्याकाळी तुम्ही मला स्कूटरवर मागे बसवून सरकारी क्वार्टरवर जेवायला नेता. काकूंनी पिठलं-भात केलाय. स्वतःचं ताटही उचलून न ठेवणारे तुम्ही, त्या दिवशी उठून मला वाढता. भातावर तूप, मी नको म्हणत असताना आणखी तूप, लोणच्याची बरणी माझ्यापुढे सरकवता. काकू गॅसपाशी उभ्या राहून बघत असतात. "आज स्वारी वाढायला उठली," त्या म्हणतात. "काही चुकलंय वाटतं हातून." मी हसते. तुम्ही हसत नाही, पाण्याचा तांब्या भरायला जाता. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला तुमचा व्ह्यूअर देता, ती हातात धरायची छोटी दुर्बीण, डोळ्याला न दिसणारा लेसरचा प्रकाश दाखवणारी. तुम्ही ती परदेशातून स्वतःच्या पैशाने आणलेली. पहिल्या महिन्यात मी तिला न विचारता हात लावला तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर मला झापलं होतं, लोकांच्या वस्तू चिवडायच्या असतील तर घरी चिवडा, इथे नाही. आता तीच माझ्या हातात ठेवून म्हणता, ठेव तुझ्याकडेच. मी आठवडाभर हवेत होते. ठिपका गेल्याचं दुःखच विसरून गेले.

तो अख्खा उन्हाळा मी सगळे आरसे काढून पुन्हा लावले. लाइट जायची, सगळं बिघडायचं, पुन्हा लावायचं. सप्टेंबरात तुम्ही परत मॉनिटरसमोर बसलात आणि पहिल्याच खटक्याला म्हणालात, "हां, आला." मला वाटलं, बघा, किती सुधारलं मी. खरं सांगायचं तर मला तो आधीच्या ठिपक्याहून काहीच वेगळा वाटला नव्हता. पण सर म्हणतात आता दिसतो, म्हणजे आता आहे, आणि सर म्हणाले नव्हता, म्हणजे तेव्हा नव्हता. असा कडक गुरू मिळाला म्हणून मी मिरवत आले. प्रयोगशाळेत नवीन कुणी आलं की पहिल्या चहाला ही गोष्ट सांगते: आमच्या सरांनी नाही म्हटलं, मी उन्हाळाभर खपले, म्हणून आज इतकी पक्की आहे. पानिपतच्या या मुलीनेही ती ऐकली आहे. पक्की वगैरे काही झाले नाही मी. त्या उन्हाळ्यानंतर स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास असा ठेवलाच नाही. काही दिसलं की आधी कुणाला तरी विचारायचं, त्याने मान डोलावली की पुन्हा मोजायचं, आणि तोवर दुसऱ्या कुणीतरी छापलेलं असायचं. सावध बाई म्हणून माझं नाव आहे. लेख तपासायला माझ्याकडे फार येतात.

शनिवारी हातात लाटणं घेऊन उभी असताना मला कळलं की त्या दुपारी तुम्हाला तो ठिपका दिसला होता. पुरावा काही नाही. मॉनिटर लहान होता, काच चकाकत होती, तुम्ही बैठकीतून दमून आला होतात. कालचा उरलेला दिवस मी तुमची वकिली करून बघितली. पण मला तुमची मान आठवते, आणि शुक्रवारी माझी मान कशी झाली होती ते मला आतून माहीत आहे. कळलं त्या क्षणी इतका संताप आला मला की मी पोळी तव्यावर जाळली. एवढी वर्षं तुमच्या फोटोला हार घातला, तुमच्या नावाने मुलांना दरडावलं, आणि तुम्ही हे करून बसला होतात. आणि मग त्या संतापाच्या मागून दुसरंच काही आलं, ते लिहायलाही लाज वाटते. मला बरं वाटलं. तुम्ही माझ्यावर जळलात. म्हणजे त्या ठिपक्यात जळण्यासारखं काहीतरी होतं, माझ्या हातांत काहीतरी होतं. ज्या शाबासकीसाठी मी झुरले ती तुम्ही त्या दुपारीच दिली होती म्हणायची. थोडा वेळ मी त्या खुशीत होते, आणि मग पुन्हा जळायला लागले, या खेपेला तुमच्यावरच. तुमच्याकडे सप्टेंबर होता, सर. पोटात ठेवलंत, जळजळ शमू दिलीत, आणि एक दिवस 'हां, आला' म्हणून सोडून दिलंत. कुणाला काही कळलं नाही. ज्याचं नुकसान झालं त्या माणसालाही कळलं नाही, उलट तो तुमच्या पाया पडत राहिला. मला मात्र उद्या सकाळपर्यंतच वेळ आहे.

इथपर्यंत लिहून उठले होते. परत येऊन बसले आहे. फोन केला.

आधी तुमचीच युक्ती करायची ठरवली होती. चित्रं घरी पुन्हा नीट पाहिली, आता दिसतंय, असं म्हणायचं. मी चांगली राहिले असते, तीही खूश झाली असती. वाक्य जिभेवर तयार होतं. तिने फोन उचलला तेव्हा मागे पान्यांचा आवाज येत होता, म्हणजे रविवारीही ती तिथेच. सगळी तयारी झाली आहे, सकाळी मदतीला दोघं येणार आहेत, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, "और मॅम, कल शाम को मैं आंखें टेस्ट कराने गई थी. डॉक्टर बोला बिल्कुल ठीक हैं. मुझे लगा, शायद मुझे वो दिखता है जो है ही नहीं." हे ती हसत हसत सांगत होती. मला माझ्या त्या उन्हाळ्यानंतरची सगळी वर्षं एकदम दिसली, ती तिच्यापुढे पसरलेली दिसली, आणि जिभेवरचं वाक्य गिळून टाकलं.

"मत खोलो," मी म्हटलं. "मुझे दिखा था. शुक्रवार को ही. तीसरी लाइन में, सातवीं में और आखिरी वाली में."

पान्यांचा आवाज थांबला.

"तो फिर मना क्यों किया, मॅम?"

"जलन हुई."

हिंदीत ते एवढ्यात संपलं. मला वाटलं तिने फोन ठेवला. मग "अच्छा" म्हणाली. तिचे पुष्कळ प्रकारचे अच्छा माझ्या ओळखीचे आहेत, त्यांतला हा नव्हता. मी म्हटलं, तुला राग आला असेल तर तो बरोबर आहे, हवं तर तू वर तक्रार कर, मी नाही म्हणणार नाही. ते तिने ऐकलं की नाही माहीत नाही. तिने एवढंच विचारलं, "पर दिखा था ना? पक्का?" मी म्हटलं, पक्का. पलीकडे तिने मोठा श्वास सोडला, आणि ती रडते आहे हे मला कळलं, माझ्यामुळे की थेंबामुळे ते कळलं नाही. थोड्या वेळाने सावरून म्हणाली की तारा आत्ताच परत जोडते, सकाळपर्यंत लेसर स्थिरावतील, मग पुन्हा एकदा थेंब बनवून बघू. आणि मग म्हणाली, "आप आएंगी ना, मॅम? आप सामने बैठना. इस बार मैं दीवार की तरफ नहीं देखूंगी."

हे पत्र काकूंना पाठवावं असं मधे मनात येऊन गेलं. त्या नाशिकला मुलीकडे असतात, वाचता अजून येतं, दिवाळीला माझा फोन गेला की आवाजावरून ओळखतात. पण त्यांना विचारायचं काय? त्या दिवशी वाढायला का उठले होते, असं? त्यांना तेव्हाच ठाऊक असेल तर आता त्यांच्याकडून वदवून घेण्यात काही मजा नाही, आणि नसेल तर या वयात तुमच्याबद्दल हे कशाला कळायला हवं? तेव्हा पत्र कुठेही जाणार नाही. नवरा विचारतोय काय एवढं लिहिते आहेस, त्याला सांगितलंय की लेख तपासते आहे.

आणि तिला मी काय उत्तर दिलं ते सांगायचं राहिलंच. पडद्यासमोर बसायचं, तो काळा ठिपका बघायचा, आणि तिने माझ्या चेहऱ्याकडे बघत राहायचं, हे डोळ्यांपुढे आलं आणि माझी हिंमत झाली नाही. मी म्हटलं, उद्या सकाळी मला मीटिंग आहे. ती म्हणाली, "कोई बात नहीं, मॅम, फिर कभी." सर, उद्या मला कुठलीही मीटिंग नाही.